भाकरी पळवणारा कुत्रा

आमच्या घरी एक चोर आहे. तो भिंत फोडीत नाही, कुलूप तोडीत नाही. उघड्या दाराने येतो, भरल्या घरात चोरी करतो आणि मग आमच्याच पायाशी येऊन झोपतो. त्याचे नाव वाघ्या.

वाघ्याच्या अंगात कारवानी रक्त आहे. लांब पाय, लांब तोंड, खोल छाती. ही जात आपल्या दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात पूर्वीपासून आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जोपासली, म्हणून तिला मुधोळचा कुत्रा असेही म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने तिकिटावर त्याचे चित्र छापले. या जातीचा नर खांद्यापर्यंत सव्वादोन फुटांहून उंच भरतो. तो मागच्या पायांवर उभा राहिला की त्याचे तोंड कुठवर पोचते, हे ज्याच्या घरी ओटा आहे त्याने मोजून पाहावे. मांजरापासून जपलेली फळी या कुत्र्यापासून जपली जात नाही.

पहिली दोन वर्षे आम्ही सारे हसण्यावारी नेले. दुरडीतली भाकरी गेली, हसलो. निवत ठेवलेल्या दुधाचे पातेले चाटून लख्ख झाले, तरी हसलो. चंपाषष्ठीला तर कमाल झाली. तळी भरायची म्हणून बाजरीचे रोडगे आणि वांग्याचे भरीत देवापुढे ताटात वाढून ठेवले होते. आम्ही भंडारा आणायला आत वळलो, तेवढ्यात ताट रिकामे! आमचे कुटुंब म्हणाले, "खंडोबाचा नैवेद्य शेवटी कुत्र्यालाच घालायचा असतो. त्यानं जरा घाई केली, इतकंच."

मग सुगीत एके दिवशी वाघ्या शेजारच्या घरात शिरला. ज्वारी काढायला माणसे लावली होती. त्यांच्यासाठी शेजारणीने पहाटे उठून वीस भाकरी थापल्या होत्या. त्यातल्या अकरा गेल्या. बाई आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, कुत्रं बांधून घाला. न्हाईतर उद्या भाकरीत औषध घालून ठिवीन. मग मला बोल लावू नका."

बाईंचा राग खोटा नव्हता. वीस भाकरी थापायला काय लागते, ते थापणारीलाच ठाऊक. पण औषधाचे नाव काढताच आमच्या पोटात गोळा आला. आमचा आधीचा कुत्रा तसाच गेला होता. त्याला कोणी मुद्दाम घातले नव्हते. उंदरांसाठी पिठाच्या गोळ्या करून कणगीखाली ठेवल्या होत्या, त्या त्याने हुंगून काढल्या. त्या गोळ्यांत घालतात ते काळसर औषध म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटात गेले की त्यातून विषारी वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. जनावराच्या डॉक्टरांकडे लगेच नेले तरच थोडी आशा, आणि नेताना औषधाची पुडी बरोबर न्यावी. आम्हाला नेण्यात उशीर झाला होता.

तर त्या दिवशी आम्ही रागाने काठी उचलली. वाघ्याने कान पाडले, शेपूट पोटाशी घेतले, नजर चुकवली. आम्हाला वाटले, बघा, गुन्हा कबूल आहे. इथेच आम्ही चुकलो.

अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या विदुषी आहेत. त्यांनी चौदा कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. धन्याने कुत्र्यापुढे खाऊ ठेवायचा, "खायचं नाही" म्हणून सांगायचे आणि बाहेर जायचे. परत आल्यावर त्याला कधी खरे सांगत, कधी खोटे. म्हणजे खाऊ न खाल्लेल्या कुत्र्यालाही कधी कधी बोलणी बसत. काय दिसले? रागावले की कुत्रा तो अपराधी चेहरा करी, मग त्याने खाल्लेले असो वा नसो. तो चेहरा चोरीचा नव्हे, आपल्या रागाचा असतो.

कुत्र्याने भाकरी खाऊन अर्धा तास झाला आणि मग काठी बसली, तर त्याला काय कळणार? धनी आला की काठी बसते, एवढेच. मग तो चोरी सोडत नाही, आपल्यादेखत चोरी करायची सोडतो. शाळेत छडीचाही असाच उपयोग होतो, हे आम्हाला फार उशिरा कळले. असो.

मग कुत्रा चोरी करतो तरी का? पोट भरलेले असले तरी करतो. कारण एकदा केली तेव्हा लाभ झाला. रशियात इव्हान पावलॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. कुत्र्यांच्या पचनावरील अभ्यासाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांना असे दिसले की अन्न तोंडात पडायच्या आधी, ते आणणाऱ्याची चाहूल लागताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. आमच्या वाघ्याला परातीचा आवाज पुरे. तो मळ्यात असला तरी उठतो. आणि दहा वेळा हात हलवीत परतला, अकराव्या वेळी भाकरी मिळाली, तर खोड जास्तच पक्की होते. मटक्याचा आकडा लावणारा माणूस पाहा. रोज लागत नाही म्हणून तो सोडतो काय? एखाद्या दिवशी लागतो, म्हणून तर रोज लावतो.

हे ध्यानात आल्यावर आम्ही कुत्रा सोडून घर सुधारायला घेतले. पहिले काम, वाघ्याला काही म्हणता काही मिळू द्यायचे नाही. आढ्याला जुने शिंके होते, ते परत टांगले. मोठ्या डब्याला कडी केली. दुरडीवर नुसते फडके पुरत नाही, ती दाराआड गेली पाहिजे. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी वाघ्या पुन्हा ओट्याशी उभा. चौकशी केली तर कळले, जेवताना ताटातला तुकडा त्याला टाकणारे कोण? आम्हीच! नातवंडेही टाकीत, पण ती आमचे पाहून. कुत्र्याला शिकवण्यापेक्षा घरातल्या सात माणसांना शिकवणे जड गेले.

आता त्याला सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी त्याच्या थाळीत मिळते. आधी "बस" म्हणायचे. तो बसला की थाळी ठेवायची. उठला तर थाळी उचलायची. रागवायचे नाही. आठवडाभरात तो आपणहून बसू लागला. तोंडात काही धरले असेल तर ओढून घ्यायचे नाही. ओढले की तो गुरगुरतो, एखादे वेळी चावतोही. "सोड" म्हणावे आणि दुसऱ्या हाताने अंड्याचा तुकडा पुढे करावा. तो हातातले टाकून हे घेतो. घरचा कुत्रा चावला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. कुत्र्यालाही पिसाळीची लस दर वर्षी टोचून घ्यावी.

चोरीत कुत्र्याच्याच जिवाला धोका असतो, तो निराळा. कांदा आणि लसूण त्याच्या रक्ताला बाधतात. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड बिघडवतात. शिजवलेली हाडे चिरफळतात आणि घशात, आतड्यात रुततात. त्या चंपाषष्ठीच्या भरितात कांद्याची पात होती, हे आठवले की आता हसू येत नाही.

शेजारणीकडे आम्ही अकरा भाकरींचे पीठ पोचते केले, आणि सुताराला नेऊन त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराला कडी बसवून दिली. बाई दोन महिने बोलल्या नाहीत. मग संक्रांतीला तिळगूळ घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा वाघ कुठं हाय? त्याला आधी धरा."

वाघ्या बसून होता. नातवाच्या हातातले बिस्कीट मात्र अजून जाते. पण ते नातवालाच द्यायचे असते, असा आम्हाला संशय आहे.