खोकला राहिला म्हणून परत दवाखान्यात?

मैत्रिणींनो, गटात कर्ज मागताना "दवाखान्यासाठी" हे कारण आपण किती वेळा ऐकतो! कधी कधी त्यात एकाच खोकल्याच्या दोन-तीन फेऱ्या असतात. पाच दिवसांच्या गोळ्या संपतात, ताप उतरतो, पण खोकला काही जात नाही. मग वाटतं, औषध लागू पडलं नाही. परत जायचं आणि म्हणायचं, "डॉक्टर, भारी गोळ्या द्या, एक इंजेक्शन पण मारा." फी जाते, मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळंच.

खरं तर औषध चुकलेलं नसतं, आपला अंदाज चुकलेला असतो. सर्दीतापानंतर छाती भरते ती बहुतेक वेळा विषाणूमुळे. विषाणू गेला तरी श्वासनळ्यांना सूज राहते, ती ओसरायला दोन-तीन आठवडे लागतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, उलट जुलाब लागू शकतात. न्यूमोनियात मात्र हीच औषधं जीव वाचवतात, तेव्हा दिलेला कोर्स मध्येच सोडायचा नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, "खोकला किती दिवस राहील? काय झालं तर परत येऊ?" डॉक्टर घाईत असले तरी विचारा. फी आपण भरतो, लाजायचं कशाला?

धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर त्याच दिवशी जा. लेकरू शांत असताना पोटाकडे बघून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर थांबू नका. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मोजत बसूच नका, घेऊन निघा.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की आशाताईंना सांगून थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात टीबीची ही तपासणी फुकट होते. बहुतेकींचं काही निघणार नाही, पण निघालं तर लवकर कळलेलं बरं.

आणि ज्या सासूबाईंची छाती दर थंडीत भरते, त्यांचं काय? गॅस आला तरी अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं ना? वर्षानुवर्षं धूर घेतलेल्या फुप्फुसांना दरवेळी त्याच गोळ्या देऊन भागत नाही. त्यांना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात न्या आणि चुलीचं आवर्जून सांगा. आपण सांगितलं नाही तर डॉक्टरांना कळणार कसं?