पुन्हा सायकलवर

आमच्या दुकानाच्या माळ्यावर जाण्यासाठी चौदा पायऱ्या आहेत. हळदीचे नमुने, जुन्या चोपड्या आणि दिवाळीला लागणारा सरंजाम तेथे असतो. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी नमुन्याची पिशवी आणण्यासाठी मी वर गेलो. खाली येऊन गादीवर बसलो, तेव्हा समोरच्या व्यापाऱ्याला भाव सांगण्याइतका श्वास माझ्याजवळ उरला नव्हता. ते गृहस्थ भावासाठी थांबले होते आणि मी दमासाठी. वय अवघे एकावन्न.

त्याच वर्षी थोरल्या बंधूंच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला होता. दोघांचेही आयुष्य सारखेच गेले होते: सकाळी नऊ ते रात्री आठ गादी, टेकायला लोड, हाताशी फोन आणि दर तासाला चहा. निर्व्यसनी, शाकाहारी माणसाला हृदयविकार होत नाही, अशी एक भाबडी समजूत आपल्या घराघरांत आहे. ती आमच्या घरातून त्या वर्षी गेली. डॉक्टरांनी माझा ईसीजी काढला, ट्रेडमिलवर चालवून पाहिले, साखर सीमारेषेवर असल्याचे सांगितले आणि विचारले, ‘‘लहानपणी काय आवडीने करत होता?’’ उत्तर द्यायला मला विचार करावा लागला नाही. सायकल.

अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, काळी ॲटलस माळ्यावरच होती. धोतराला चिमटा लावून अण्णा याच सायकलवर आसपासच्या गावांतून वसुली करून येत. मीही तिच्यावरच शिकलो. नळीवरून पाय पलीकडे टाकण्याइतकी उंची नव्हती, म्हणून नळीखालून पाय घालून, वाकड्या अंगाने. १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झालेल्या त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता. आमच्या घरची ॲटलस तर त्याआधीच, स्कूटर आली त्या वर्षी, निवृत्त झाली होती.

गल्लीच्या तोंडाशी सायकलदुरुस्ती करणाऱ्या चाचांनी ती खाली उतरवून घेतली. नवे टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, चाकांची आउट काढणे, साखळीला वंगण. तीन दिवसांत ती चालती झाली. चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला, म्हणजे पेठेतील कोणीही पाहणार नाही अशा वेळी, मी हरिपूरच्या रस्त्याला लागलो. सांगलीकरांना हा रस्ता सांगायला नको: दुतर्फा चिंचेची जुनी झाडे, जवळच कृष्णामाई आणि शेवटी वारणेचा संगम. चढ नावालाही नाही. तरीही निम्म्या वाटेतच मांड्यांत आग पेटली, छाती भात्यासारखी चालू लागली आणि उतरल्यावर पाय थरथरू लागले. सायकल हातात धरून परतत असताना दूधवाल्याने विचारले, ‘‘पंक्चर काय?’’ मी ‘हो’ म्हणालो. सत्याचा आग्रह धरणाऱ्या घरात वाढलेला मी, त्या दिवशी सायकलच्या नावावर खोटे बोललो.

संध्याकाळी चाचांकडे गेलो. माझी कथा ऐकून ते हसले आणि त्यांनी सायकलच्या बैठकीकडे बोट दाखवले. पडण्याच्या भीतीने मी ती पाय जमिनीवर टेकतील इतकी खाली घेतली होती. नवशिक्यांची आणि माझ्यासारख्या परत फिरलेल्यांची ही पहिली चूक. बैठक फार खाली असली की गुडघा सतत दुमडलेला राहतो, मांडीचा जोर वाया जातो आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखू लागते. फार उंच असली की गुडघ्यामागे ताण येतो. माप सोपे आहे: बैठकीवर बसून पायडल सर्वांत खाली न्यावे व त्यावर टाच ठेवावी, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. टायरमध्ये हवाही कमी होती. ती किती हवी हे टायरच्या कडेवर छापलेले असते. आपण व्यापारी माणसे मालावरचे बारीक अक्षर वाचतो, पण हे वाचत नाही. त्या संध्याकाळी केलेल्या या दोन दुरुस्त्यांनी सायकल निम्म्याने हलकी झाल्यासारखी वाटली.

तरी ती बिनगिअरची, वीस किलोच्या आसपासची सायकल. दोन महिन्यांनी मी सरळ हँडलची, गिअरची एक साधी सायकल घेतली. वाकलेल्या हँडलच्या शर्यतीच्या सायकलींचा मोह मुलाने घातला होता. परंतु पोट पुढे असलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. गिअरचाही गैरसमज असतो. जड गिअर लावून जोराने रेटणे म्हणजे व्यायाम असे वाटते. त्यात गुडघे मात्र झिजतात. हलका गिअर लावून पाय भरभर फिरवावेत, मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्या झाल्या तरी उत्तम. आणि वेग किती असावा? शेजारच्याशी अखंड वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येते पण गाता येत नाही, ही मध्यम श्रमाची खूण. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगते. मी पहिले तीन आठवडे एका दिवसाआड वीस मिनिटे एवढेच केले. मधला विश्रांतीचा दिवस आळसाचा नसतो, स्नायू त्याच दिवशी सावरतात.

बसण्याच्या जागेचे दुखणे मात्र कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. पहिले दहा-बारा दिवस गादीवर बसतानाही मी चेहरा सावरून बसत होतो. जाडजूड गुबगुबीत बैठक घेतली की हा त्रास टळेल असे वाटते. प्रत्यक्षात मऊ बैठकीत शरीर रुतते आणि नको तेथे दाब येतो. बैठक बेताची कठीण असावी आणि बसण्याच्या दोन्ही हाडांना आधार मिळेल इतकी रुंद असावी. दोन-तीन आठवड्यांत शरीर सरावते.

आपल्या दिनचर्येतील दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागल्या. सूर्यास्तापूर्वी जेवून लगेच सायकल काढू नये, दोन तास जाऊ द्यावेत. म्हणून मी पहाटच धरली. ज्यांचा नवकारसीचा नियम आहे, त्यांना सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे पाणीही घेता येत नाही, त्यांनी उन्हाळ्यात तरी लांबचा फेरा नियम पूर्ण झाल्यावरच काढावा. उपवासाच्या दिवशी सायकल विश्रांती घेते. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात खडीसाखर ठेवावी. छातीत दाब, जबड्यात वा डाव्या हातात कळ, अकारण घाम असे काही जाणवले तर ‘एवढे झाडापर्यंत’ असे म्हणू नये. तेथेच उतरावे.

खरी परीक्षा मात्र पुढेच होती. सहाव्या महिन्यात मी दुकानातही सायकलवर जाऊ लागलो. तिसऱ्याच दिवशी एक जुने दलाल आत आले, बसले, पाणी प्याले आणि हळूच म्हणाले, ‘‘शेठ, सगळं ठीक आहे ना? गाडी विकली म्हणे.’’ गाडी दारातच उभी होती. दोन दिवसांनी ज्यांच्याशी वीस वर्षांचा व्यवहार, त्या पेढीवरून फोन आला: या वेळी उधारी पंधरा दिवस आधी मिळाली तर बरे. व्यापाऱ्याची पत तिजोरीत कमी आणि लोकांच्या डोळ्यांत अधिक असते. अण्णांची पत ज्या सायकलवर उभी राहिली, त्याच सायकलने माझी डळमळली होती. घरी चर्चा झाली. पत्नीचे मत होते, फिरायला सायकल ठीक, पेठेत कशाला? बंधू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘पैसे आज पाठव आणि उद्याही सायकलवरच जा.’’

तसेच केले. महिनाभराने चर्चा निवली. माझे वजन वर्षभरात सहा किलो उतरले. साखर सीमेच्या आत आली, त्यात पथ्याचाही वाटा आहे. चौदा पायऱ्या आता एका दमात चढतो. रेल्वेवरच्या उड्डाणपुलाच्या चढावर अजूनही कधी कधी उतरावे लागते, आणि दंडोबाच्या डोंगराचे नाव मुलगा काढतो तेव्हा मी विषय बदलतो.

गेल्या रविवारी अंकलीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. परतताना वारा समोरून होता, म्हणून सर्वांत हलका गिअर लावला. डॉक्टरांच्या परवानगीने बंधू बरोबर होते. चाचांनी नव्याने रंगवलेल्या अण्णांच्या ॲटलसवर. माझ्या पुढे दहा हात. ‘‘दादा, जरा हळू,’’ मी ओरडलो, आणि वाक्य अखंड बोलता आले.