खोडदची जाळी आणि झोतांची वळणं

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं की शेतांच्या मागून एकेक डिश वर येऊ लागते. व्यास ४५ मीटर, पण पत्रा कुठेच नाही. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेली. ही कल्पना गोविंद स्वरूप यांची. जाळीतून वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. लांब रेडिओ लहरींना मात्र ही भोकं जाणवतच नाहीत, त्यांच्या लेखी तो आरसाच. अशा ३० डिशपैकी १४ मध्यभागी एकवटलेल्या, बाकीच्या तीन फाट्यांवर पसरलेल्या. टोकाटोकांतलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. ही जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण.

पल्सारांमुळे तिचं नाव वर्तमानपत्रांत झळकतं. मला तिचं दुसरं काम अधिक आवडतं: दीर्घिकांतून सुटलेले झोत कुठे आणि कशाने वळले ते पाहणं.

काही दीर्घिकांच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराकडे वायू ओढला जातो. त्यातला थोडा आत न पडता, प्रकाशाच्या जवळपास वेगाने दोन विरुद्ध दिशांना फेकला जातो. १९७४ मध्ये फॅनारॉफ आणि रायली या खगोलशास्त्रज्ञांनी अशा दीर्घिकांचे दोन प्रकार पाडले. एकात झोत वाटेतला वायू ओढून घेत मंदावतो, विस्कटतो. दुसऱ्यात तो टिकून दूरवर जाऊन आदळतो आणि तिथे तेजस्वी ठिपका दिसतो. फरक झोताच्या जोराचा की शेजाराचा, म्हणजे भोवतालच्या वायूचा, हा वाद जुना आहे. सगळं श्रेय शेजाराला देता येत नाही, पण त्याला वगळून गणितही सुटत नाही.

दीर्घिकांच्या समूहात तर तो शेजार चांगलाच जाणवतो. तिथला वायू कोट्यवधी अंश तापलेला, आणि विरळ तर इतका की पुष्कळ ठिकाणी लिटरभर जागेत जेमतेम एखाद-दोन कण. असा वायू झोताला वाकवणार कसा? तर दाब नुसत्या घनतेवर ठरत नाही, वेगाच्या वर्गावरही ठरतो. हवा पडलेली असली तरी मोटारसायकल दामटली की तोंडावर वारा लागतोच. इथे दीर्घिका सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने वायूतून जात असते. पर्सियस समूहातल्या एनजीसी १२६५चे दोन्ही झोत याच वाऱ्याने मागे वळून शेपूट झाले आहेत.

त्या शेपटाचा माग काढायला खोडद कामी येतं. चुंबकीय क्षेत्रात फिरणारे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडत ऊर्जा गमावतात, आणि जास्त ऊर्जेचे आधी थकतात. म्हणून उच्च वारंवारितेवर शेपूट लवकर संपल्यासारखं दिसतं. काही शे मेगाहर्ट्झवर तेच बरंच लांब निघतं. कोमा समूहातल्या एनजीसी ४८६९चा अद्ययावत जीएमआरटीने केलेला अभ्यास धरम वीर लाल यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात झोत पीळ घेत, एकमेकांवर चढत मागे जातात आणि पुढे शेपूट वळतं.

झोत नुसतं सोसतात असंही नाही. भुजंगधारी समूहात, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवर, तप्त वायूची एक विचित्र वक्र कड २०१६ मध्ये एक्स-किरणांत दिसली होती. झोतांनी पोखरलेल्या पोकळीची ही भिंत असेल का, हा प्रश्न तेव्हाच निघाला, पण त्याला लागणारी ऊर्जा अवाढव्य होती, म्हणून ती शक्यता बाजूला पडली. २०२० मध्ये एक्स-किरणांच्या निरीक्षणांशेजारी ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए या रेडिओ दुर्बिणीची आणि खोडदची निरीक्षणं ठेवली, तेव्हा कडेच्या आतली जागा रेडिओ उत्सर्जनाने भरलेली निघाली. ऊर्जेचा तो अवाढव्य आकडा मग मान्य करावाच लागला.