अभिजात मोटारीतील इंजिनबदल आणि स्वयंचलित गिअरपेटी

जुन्या मोटारीचे मूळ इंजिन काढून त्या जागी दुसऱ्या गाडीचे, अधिक शक्तीचे किंवा सुटे भाग सहज मिळणारे इंजिन बसवणे यास इंजिनबदल म्हणतात. अशा बदलात पायाने चालवायचा क्लच काढून स्वयंचलित गिअरपेटी बसवायची असल्यास तिची निवड इंजिनाच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते. चुकीची पेटी निवडल्यास चांगले इंजिनही निरुपयोगी होते, आणि जोडणीसाठी एकदा कापलेला सांगाडा पूर्ववत करणे कठीण असते.

भारतीय पार्श्वभूमी

मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत १,०८९ घन सेंमी क्षमतेचे इंजिन असे. बहुतेक नमुन्यांत गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाशेजारी होता. पद्मिनी आणि ॲम्बॅसडर या दोन्ही मोटारींत इंजिन पुढे असून शक्ती मागील चाकांना दिली जाते.

कारखान्यांनी स्वतः केलेले इंजिनबदलही येथे झाले. १९८५ साली आलेल्या प्रीमियर ११८ एनई या मोटारीचा साचा फियाट १२४चा, तर इंजिन निसानचे १,१७१ घन सेंमीचे होते आणि गिअरपेटीही निसानचीच होती. १९९० च्या दशकात ॲम्बॅसडरला इसुझूचे १.८ लिटर इंजिन मिळाले, तेव्हा त्यासोबत पाच गतींची पेटी आली. इंजिन व पेटी ही जोडी म्हणून निवडावी, हे तत्त्व या दोन्ही उदाहरणांतून दिसते.

पेट्यांचे प्रकार

*द्रवदाबावर चालणाऱ्या पेट्या:* यांत गती केव्हा बदलायची हे तेलाचा दाब, गाडीचा वेग व इंजिनावरील भार यांवरून ठरते. संगणकाची गरज नसल्याने कार्ब्युरेटरच्या इंजिनाला त्या सोयीच्या असतात. जनरल मोटर्सची टर्बो हायड्रामॅटिक ४०० (१९६४) ही तीन गतींची दणकट पेटी याच वर्गातील आहे. १९८२ मध्ये आलेल्या ७००-आर४ या पेटीत चौथी, म्हणजे ओव्हरड्राइव्ह गती असते. तिच्यात ॲक्सिलरेटरला जोडलेली एक तार पेटीतील तेलाचा दाब ठरवते. ही तार नीट लावली नाही तर दाब कमी पडतो व आतील क्लचपट्ट्या घसरून जळतात.

*इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या पेट्या:* यांना संवेदक, तारांचा जुडगा व नियंत्रक संगणक लागतो. आधुनिक इंजिन त्याच्या मूळ संगणकासह बसवायचे असल्यास त्याच गाडीची पेटी घेणे सर्वांत सुरक्षित असते. जुन्या इंजिनास अशी पेटी जोडायची तर स्वतंत्र नियंत्रक घ्यावा लागतो.

भारतात आज सहज दिसणाऱ्या छोट्या स्वयंचलित मोटारी बहुतांशी पुढील चाकांवर चालणाऱ्या असतात. त्यांच्यात गिअरपेटी व डिफरन्शियल एकाच कवचात असल्यामुळे ती पेटी पद्मिनी किंवा ॲम्बॅसडरमध्ये सरळ बसत नाही.

निवडीचे निकष

* टॉर्क (पीळ): पेटीची सहनशक्ती इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा अधिक हवी. मात्र गरजेपेक्षा फार मोठी पेटी वजन वाढवते व लहान इंजिनाची शक्ती स्वतःच खाते.
* जोडणी: इंजिनाच्या मागील बोल्टांची रचना पेटीच्या कवचाशी जुळली पाहिजे. न जुळल्यास मध्ये जोडपट्टी बसवतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी अशी पट्टी कातून घेता येते. परंतु क्रँकशाफ्ट व पेटी यांचा अक्ष किंचितही सरकल्यास पेटीतील तेलपंप लवकर निकामी होतो.
* जागा: पेटीची लांबी व रुंदी, मजल्याखालील बोगदा, आधाराचा आडवा दांडा आणि प्रोपेलर शाफ्टची नवी लांबी आधी मोजून घ्यावी.
* निर्वात दाब: काही जुन्या पेट्यांना इंजिनाच्या निर्वात दाबाचा संकेत लागतो. डिझेल इंजिनात तो पुरेसा नसल्याने वेगळा पंप बसवावा लागतो.
* सुरक्षा: गाडी गिअरमध्ये असताना इंजिन सुरू होऊ नये यासाठीचा स्विच वगळता कामा नये.

गतिगुणोत्तराचे गणित

चाकाचा परीघ १.९ मीटर व मागील ॲक्सलचे गुणोत्तर ४.० मानू. ताशी ८० किमी वेगाने चाक मिनिटाला सुमारे ७०२ फेरे घेते. सरळ (१.०) गतीत इंजिनाचे फेरे सुमारे २,८०० होतात, ०.७० च्या ओव्हरड्राइव्हमध्ये ते सुमारे १,९६५ वर येतात. त्यामुळे इंधन वाचते व आवाज कमी होतो. परंतु इंजिन लहान असेल तर इतक्या कमी फेऱ्यांत ते चढ ओढू शकत नाही आणि पेटी वारंवार खालच्या गतीत उतरते.

उष्णता व घाटरस्ते

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळले जाते व त्यातून उष्णता निर्माण होते. कमी वेग व जास्त भार असताना ती सर्वाधिक असते. इचलकरंजी-कबनूर परिसरातून कोकणात जाताना आंबा, करूळ किंवा फोंडा यांपैकी एखादा घाट लागतो. परतीच्या चढणीत पेटीची खरी परीक्षा होते. म्हणून स्वतंत्र तेलशीतक आवश्यक समजावा. उतरताना इंजिनाचा रोध मिळावा यासाठी खालची गती हाताने निवडता येणारी पेटी घ्यावी. अन्यथा सर्व भार ब्रेकवर येतो. जुन्या मोटारींचे ड्रम ब्रेक तापल्यावर दुबळे पडतात.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. म्हणून सुटे भाग घेण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे लागते; सांगाडा, साचा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. त्यामुळे इंजिनबदल केलेली मोटार या दर्जास मुकते.

कोल्हापूरच्या शाही दसरा सोहळ्यात येणाऱ्या छत्रपती घराण्याच्या मेबॅक मोटारीचे मोल तिच्या ऐतिहासिक स्वरूपात आहे. अशा दुर्मीळ वाहनात बदल न करणेच योग्य ठरते. मूळ इंजिन आधीच नष्ट झालेल्या, सर्वसामान्य मोटारीत मात्र बोल्टांनी बसणारी व सांगाडा न कापता काढता येणारी जोडणी हा मध्यममार्ग होऊ शकतो. काढलेले मूळ भाग जपून ठेवल्यास पुढच्या पिढीला ती मोटार पुन्हा मूळ रूपात आणता येते.