थंडीच्या लाटेतलं घर : टिनाचं छप्पर, गोधडी आणि निखारा

(मालेगाव, जि. वाशीम इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. पुनरुक्ती काढली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

ऑनलाइन ऐकणाऱ्यांना आधीच सांगतो, हे वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव आहे, नाशिककडचं नाही. हा गोंधळ नेहमीचा आहे.

विदर्भातल्या माणसाची ओळख उन्हाची. मार्च लागला की कूलरच्या ताट्या बदलायच्या, माठ आणायचा, छतावर चुना मारायचा, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. थंडीची तयारी मात्र पेटीतून गोधड्या काढल्या की संपते. आपली घरंसुद्धा उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. हवा खेळावी म्हणून दाराखाली फट, भिंतीत वर झरोका, पायाला गार लागणारी फरशी. वर्षातले नऊ-दहा महिने हे बरोबरच आहे. पण थंडीची लाट आली की त्या चार-सहा रात्री तेच घर आपल्यावर उलटतं. मग माणूस काय करतो? दारं-खिडक्या बंद करतो आणि घमेल्यात निखारे घेऊन आत येतो. आज मला मुख्यतः त्या घमेल्याबद्दल बोलायचंय. पण तिथपर्यंत जायला आधी थंडी घरात शिरते कशी, ते बघू.

थंडी वाजली म्हणजे लाट आली असं नाही. हवामान खात्याची त्यासाठी व्याख्या आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली यायला हवं, आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असायला हवं. ६.४ अंशांपेक्षाही जास्त खाली गेलं तर ती तीव्र लाट. शिवाय सरासरी काहीही असो, पारा ४ वर आला की लाट आणि २ वर आला की तीव्र लाट. म्हणजे समजा, एखाद्या गावात डिसेंबरअखेर पहाटे १२ अंश असणं नेहमीचं आहे, तर तिथे साडेसात झाले की लाट म्हणायची. हे आपल्याकडे होत नाही असं समजू नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली. ज्या नागपुरात मे महिन्यात ४७ ची बातमी येते, त्याच नागपुरात.

कारण सरळ आहे. उत्तरेत पश्चिमी झंझावात येऊन गेला, हिमालयात बर्फ पडला, की त्याच्यामागून कोरडी गार हवा मध्य प्रदेश ओलांडून आपल्याकडे उतरते. समुद्र लांब आहे, त्यामुळे हवेत ओल नाही आणि आकाशात ढग नाहीत. ढग म्हणजे जमिनीचं पांघरूण. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता आकाशाकडे सोडत राहते. ढग असले तर त्यातली बरीचशी परत खाली येते, नसले तर गेली ती गेली. त्यात गार हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खोलगट जागी साचते. नाल्याकाठच्या वस्तीतले लोक म्हणतात ना, आमच्याकडे जास्तच वाजते, ते खरं असतं.

आता हेच टिनाला लावून बघा. पत्रा पातळ, स्वतःजवळ उष्णता धरून ठेवायला त्याच्यात काहीच नाही. निरभ्र रात्री तो आकाशाकडे उष्णता फेकत इतका गार होतो की बाहेरच्या हवेपेक्षाही त्याचं तापमान खाली जातं. पहाटे अंथरुणावर थेंब पडतात, लोक म्हणतात पत्र्यातून दव गळते. ते बाहेरचं दव नव्हे, तुमच्याच श्वासातली वाफ गार पत्र्याला लागून पाणी झालेली असते. आणि ओली गोधडी म्हणजे निम्मी गोधडी. जुन्या कवेलूच्या घरात हा त्रास कमी, कारण कवेलू जाड असतं आणि थरांमध्ये हवा असते.

तर पहिलं काम छपराचं. सगळ्या घराचं करायची गरज नाही. जिथं झोपता तेवढ्याच भागावर, पत्र्याखाली वीतभर किंवा हातभर अंतर सोडून, जुन्या साड्या जोडून किंवा ताडपत्री ताणून बांधा. मधली अडकलेली हवा हेच खरं पांघरूण. चुलीच्या वर मात्र असलं काही बांधू नका. हेही जमत नसेल तर बाजेवर मच्छरदाणी लावा आणि तिच्यावरून एक चादर टाका, एक बाजू श्वासाला मोकळी सोडून. झोपलेला माणूस सत्तर-ऐंशी वॅटच्या बल्बाएवढी उष्णता देत असतो. एवढ्याने खोली तापत नाही, पण मच्छरदाणीएवढी जागा नक्की ऊबदार होते.

दुसरं, खालची थंडी. आपण अंगावर तीन पांघरुणं घेतो आणि खाली एक सतरंजी टाकतो. फरशी रात्रभर पाठीतून उष्णता ओढत राहते. वरच्या तिनातलं एक काढून खाली घाला, फरक त्याच रात्री कळेल. खाली कोरडं बारदान, जुन्या वर्तमानपत्रांचा जाड थर, काहीही चालतं. आपल्या आज्यांची वाकळ याच कारणाने गरम असते. जुन्या लुगड्यांचे पाच-सात थर, आणि थराथरात हवा. विकतचं एकच जाड ब्लँकेट घेण्यापेक्षा दोन पातळ बरे.

आणि आपल्याकडे एक गोष्ट आहे जी धुक्यातल्या दिल्लीला नाही. ती म्हणजे ऊन. लाटेतसुद्धा आपल्याकडे बहुतेक दिवशी लख्ख ऊन पडतं, पहाटे सात-आठ अंश आणि दुपारी पंचवीसच्या आसपास. डिसेंबरात भर दुपारी सूर्य इथं क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवरच असतो, दक्षिणेकडे कललेला. म्हणजे दक्षिणेच्या दारा-खिडकीतून ऊन थेट आत येतं. सकाळी दहाला दारं उघडा, पडदे सारा, भिंत आणि फरशी तापू द्या. अंथरूण उन्हात टाका. आणि चारला, हो, चारलाच, सगळं बंद करा. आपण दिवे लागणीला बंद करतो, तोवर जमवलेली ऊब निघून गेलेली असते. दाराखालच्या फटीत जुन्या पँटचा पाय रेतीने भरून ठेवा.

आता निखारा.

पऱ्हाटी, तुराटी, गोवरी, कोळसा, जे असेल ते अंगणात पेटवायचं, धूर संपेपर्यंत थांबायचं आणि मग लाल निखारे घमेल्यात घेऊन आत आणायचे. यात लोकांचा हिशेब असा की त्रास धुराचा आहे, धूर संपला की धोका संपला. हिशेब नेमका उलटा आहे. धूर डोळ्यांत जातो, खोकला आणतो, तुम्हाला उठवून बाहेर काढतो. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड यातलं काहीच करत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, घशात खवखव नाही. कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की तो तयार होतो. निखाऱ्यांवर कधी निळसर ज्योत नाचताना तुम्ही पाहिली असेल, तिथे हाच वायू जळत असतो. निखारे राखेखाली मंद झाले की ती ज्योत विझते आणि वायू न जळताच खोलीत येऊ लागतो. म्हणजे ‘आता विझतच आलंय, राहू दे’ म्हणून आपण डोळे मिटतो, तीच वेळ धोक्याची.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. रक्त वाहतं, पण रिकाम्या डब्यांची गाडी धावावी तसं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला पहिल्या पायऱ्या कळतच नाहीत. दर हिवाळ्यात बातमी वाचतो ना आपण, शेगडी पेटवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. ते भाजत नाहीत, धुराने घुसमटतही नाहीत. झोपेतच जातात.

यावर गावोगावी काही उपाय सांगतात. बादलीभर पाणी ठेवा, गॅस शोषून घेते. नाही घेत, हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दुसरं, गॅस खाली बसतो, आपण बाजेवर आहोत. तेही नाही, त्याचं वजन हवेएवढंच असतं, तो खोलीभर सारखा पसरतो. तिसरं, खिडकी बोटभर उघडी ठेवली. बोटभर किती हवा येते ते वाऱ्यावर आहे, आणि थंडीच्या निरभ्र रात्री वारा बऱ्याचदा पडलेला असतो. त्यामुळे माझं सांगणं एकच, शेकोटी अंगणात. तिथे पोटभर शेका, पण निखारा झोपायच्या खोलीत आणायचा नाही. ऊब आत न्यायची तर पाण्यातून न्या. रबरी पिशवीत किंवा झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत गरम पाणी, वरून टॉवेल, पायाशी ठेवा. साखरेच्या आजारात पायांना भाजलेलं कळत नाही, त्यांनी आधी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावं.

घरातल्या दोघा-तिघांचं सकाळी एकदम डोकं दुखतंय, उलटी होतेय, आणि रात्री शेगडी आत होती, तर ते अपचन नव्हे. दार उघडा, सगळ्यांना बाहेर आणा आणि १०८ ला फोन करा.

हे सगळ्यात जास्त कुठे लागू होतं? बाळंतिणीच्या खोलीत. खोली बंद, खिडकीला कापड, आणि बाजेखाली शेकासाठी निखारे. यामागची माया मला कळते, पण त्या खोलीतलं सगळ्यात लहान शरीर सगळ्यात आधी सापडतं. आणि बाळाला ऊब हवी हे मात्र शंभर टक्के खरं. नवजात बाळाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस असावं. मोठ्या माणसाच्या डोक्यातून निम्मी उष्णता जाते ही अतिशयोक्ती आहे, पण बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, म्हणून त्याला टोपडं हवंच. बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हात लावून बघा. दोन्ही गरम, तर ठीक. पोट गरम आणि पाय गार, तर त्याला थंडी वाजतेय. दोन्ही गार, तर छातीशी धरून लगेच दवाखाना.

छातीशी धरणं हेच औषध आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास पेट्या पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीवर बांधली. आज जगभर त्याला ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात. विदर्भानेही यात जगाला शिकवलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्गावर उपचार, दूध पाजणं आणि ऊब. नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. आज आशाताई थर्मामीटर आणि वजनकाटा घेऊन तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात, त्याची मुळं तिथे आहेत. लाटेच्या दिवसांत त्या येईपर्यंत थांबू नका, बोलावून घ्या.

म्हाताऱ्या माणसांबद्दल थोडक्यात. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. बीपीची गोळी चुकवू नका. पहाटे पाचची आंघोळ आणि फिरणं ऊन पडल्यावर करा. तहान लागत नाही म्हणून पाणी सोडू नका. आणि एक खूण लक्षात ठेवा. थरथरणारा माणूस ऊब न मिळताच थरथरायचा थांबला, बोलणं अडखळायला लागलं, तर तो बरा झाला असं नाही. शरीर ३५ अंशांच्या खाली गेलं आहे. कोरडे कपडे, पांघरूण, शुद्धीत असेल तर गोड गरम चहा, आणि १०८.

प्रश्न : सर, मग रूम हीटर घ्यावा का?

विजेच्या हीटरमधून हा वायू निघत नाही, तो ऑक्सिजनही खात नाही. पण २००० वॅटचा हीटर आठ तास म्हणजे १६ युनिट, आणि टिनाखाली ती सगळी ऊब आकाशाला. आधी छप्पर करा, मग झोपण्यापूर्वी तासभर हीटर लावून बंद करा. मोठ्या पिनच्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेंशनवर नाही, आणि त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे न्हाणीत गॅस गिझर आहे.

तोच वायू, तीच गोष्ट. गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. तोवर आधी पाणी बादलीत काढा, गिझर बंद करा, मग कडी लावा.

प्रश्न : घरातलं ठीक आहे. पण हरभऱ्याला ओलित करायला रात्री जावं लागते, लाइनच रात्रीची. एखादा घोट घेतला तर गरमी राहते म्हणतात.

घोटाने कातडीकडे रक्त येतं, म्हणून गरम वाटतं, आणि तीच उष्णता बाहेर निघून जाते. भरवसा कोरड्या कपड्यांवर ठेवा. एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्या, मोजेसुद्धा. पायात गमबूट. मोटारीच्या खोलीत दार लावून शेकोटी करायची नाही, बाहेर करा. आणि पाणी देऊन झालं की कपडे शेतातच बदला, घरी येऊन नव्हे. ओल्या पँटवर मोटारसायकलने पाच किलोमीटर आलात तर शेतात दोन तासांत लागली नाही तेवढी थंडी तिथे लागते. गाडीवर बसण्याआधी स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घाला, वारा अडतो.