पु. ल. देशपांडे यांची सादरीकरणाची कारकीर्द

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे (८ नोव्हेंबर १९१९, मुंबई – १२ जून २०००, पुणे) हे मराठी लेखक, नाटककार, विनोदकार, संगीतकार, अभिनेते आणि एकपात्री कलावंत होते. ‘पु. ल.’ या आद्याक्षरांनी ते महाराष्ट्रात सर्वपरिचित आहेत. आकाशवाणी, दूरचित्रवाणी, चित्रपट आणि रंगभूमी या चारही माध्यमांत त्यांनी काम केले. भारतात दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या निर्मात्यांत त्यांचा समावेश होता. त्यांच्या विनोदाचा मोठा भाग लिहिला गेला तो कानाने ऐकण्याजोगा; त्यामुळे त्यांच्या लेखनाचा आणि सादरीकरणाचा विचार एकत्रच करावा लागतो. रत्नागिरी शहराशी त्यांचे कौटुंबिक नाते होते आणि त्यांच्या सर्वाधिक गाजलेल्या व्यक्तिचित्रांपैकी ‘अंतू बर्वा’ हे त्याच शहरात घडते.

पार्श्वभूमी

देशपांडे यांचे बालपण मुंबईच्या जोगेश्वरी आणि विलेपार्ले या उपनगरांत गेले. त्यांचे आजोबा (आईचे वडील) वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लेखन करीत; रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘गीतांजली’चा त्यांनी ‘अभंग गीतांजली’ या नावाने मराठी अवतार केला होता. घरात संगीताचे वातावरण होते आणि देशपांडे लहानपणापासून पेटी वाजवीत. स्वर, लय आणि उच्चार टिपणारा हा कान पुढे त्यांच्या नकलांना आणि व्यक्तिचित्रांना उपयोगी पडला.

शिक्षणानंतर त्यांनी काही काळ शाळेत आणि महाविद्यालयांत अध्यापन केले. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयातील वास्तव्यात कानडी वळणाची मराठी त्यांच्या कानावर पडली. ‘गणगोत’मधील ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्राचा विनोद आणि त्यातील जिव्हाळा बऱ्याच अंशी याच बोलीवर उभा आहे. चित्रपटसृष्टीतही ते काही वर्षे होते. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटाचे लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका अशा सर्व बाजू त्यांनी सांभाळल्या.

रत्नागिरीशी नाते

मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिक्षक असताना त्यांची सुनीता ठाकूर यांच्याशी ओळख झाली. सुनीताबाईंचे माहेर रत्नागिरीचे आणि वडील तेथील वकील. १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात सुनीताबाईंचा सहभाग होता. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरी येथे दोघांचा विवाह कोणत्याही समारंभाशिवाय, नोंदणी पद्धतीने झाला. त्यानंतर देशपांडे हे रत्नागिरीकरांच्या दृष्टीने गावचे जावई ठरले.

‘अंतू बर्वा’ या लेखातील निवेदक असाच गावचा जावई आहे. तो येऊन-जाऊन असणारा पाहुणा असल्यामुळे गावातील वडीलधारी मंडळी त्याच्याशी मोकळेपणाने, पण तिरकस बोलतात. अंतू हा रत्नागिरीच्या मधल्या आळीत राहणारा म्हातारा. पत्नी निवर्तलेली, मुलगा नोकरीनिमित्त मुंबईला आणि हाती फारसा पैसा नाही, अशी त्याची स्थिती. देशातील पुढाऱ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांवर तो खवचट शेरे मारतो. गावात वीज येते, तेव्हाही तिच्या उजेडात आपले दारिद्र्यच अधिक स्पष्ट दिसेल, अशा आशयाचे तो बोलतो. निवेदक विलायतेला निघाल्याचे कळल्यावर तो कोहिनूर हिऱ्याची चौकशी करतो. अशा ठिकाणी त्याच्या तिरकसपणाखालचा एकटेपणा उघडा पडतो.

या लेखामागे त्या काळच्या कोकणाची अर्थव्यवस्था आहे. जिल्ह्यात उद्योगधंदे कमी असल्याने घरटी एखादा तरुण मुंबईला जाई आणि गावचे घर मनिऑर्डरवर चाले. मुंबईशी संपर्क बोटीचा किंवा घाटरस्त्यांवरून जाणाऱ्या एस. टी.चा, कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. मागे राहिलेल्या वृद्धांच्या पिढीचा अंतू हा प्रतिनिधी मानला जातो. हा लेख ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) या संग्रहात समाविष्ट असून या संग्रहाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी

देशपांडे १९५५ साली आकाशवाणीच्या सेवेत दाखल झाले. श्रुतिका, भाषणे आणि संगीताचे कार्यक्रम यांच्या निर्मितीत श्रोता समोर नसतो. केवळ आवाजातून माणूस उभा करावा लागतो. या कामाचा ठसा त्यांच्या पुढील सादरीकरणावर दिसतो.

भारतात दूरचित्रवाणीची तयारी सुरू झाल्यावर त्यांना प्रशिक्षणासाठी लंडनला बीबीसीकडे पाठविण्यात आले. या प्रवासातून ‘अपूर्वाई’ (१९६०) हे त्यांचे प्रवासवर्णन लिहिले गेले. दिल्ली येथील प्रायोगिक दूरचित्रवाणी केंद्र १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस, थोडा वेळ प्रक्षेपण होई आणि ते दिल्लीच्या परिसरापुरते मर्यादित होते. खासगी संच जवळपास नसल्याने लोक सामुदायिक संचांसमोर जमून कार्यक्रम पाहत. या केंद्राच्या आरंभकाळात देशपांडे निर्माते होते. भारतीय दूरचित्रवाणीवर पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांची पहिली मुलाखत घेण्याचा मानही त्यांना दिला जातो.

तरीही त्यांनी या माध्यमात कायमचा मुक्काम केला नाही. सरकारी नोकरी सोडून ते रंगभूमीकडे वळले. मराठी प्रेक्षकांना घरबसल्या मराठी कार्यक्रम पाहता येण्यासाठी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू होईपर्यंत, म्हणजे २ ऑक्टोबर १९७२ पर्यंत, वाट पाहावी लागली. तोवर देशपांडे यांचे एकपात्री प्रयोग महाराष्ट्रभर गाजले होते.

एकपात्री प्रयोग

‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले आणि १९६१ पासून देशपांडे त्याचे एकपात्री प्रयोग करू लागले. गिरगावातील एका काल्पनिक चाळीतील बिऱ्हाडकरू त्यात एकामागून एक रंगमंचावर येतात. वेशांतर वा पात्रानुसार नेपथ्य नसे. आवाजाची पट्टी, बोलण्याचा हेल, खांद्याची ठेवण आणि क्षणभराचा विराम एवढ्यावर पात्र बदले. शेवटी लोप पावत चाललेल्या चाळसंस्कृतीविषयीच्या चिंतनाने प्रयोगाचा सूर गंभीर होई.

‘असा मी असामी’ आणि ‘हसविण्याचा माझा धंदा’ हे त्यांचे अन्य एकपात्री कार्यक्रम. ‘वाऱ्यावरची वरात’ मात्र अनेक कलावंतांचा होता. प्रयोगांची व्यवस्था सुनीताबाई पाहत. वेळेची शिस्त, प्रकाशयोजना आणि व्यवहार यांबाबतचा त्यांचा काटेकोरपणा प्रसिद्ध होता. प्रयोगांतून आणि लेखनातून मिळालेल्या उत्पन्नाचा मोठा भाग या दांपत्याने पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानमार्फत सामाजिक व सांस्कृतिक कामांना दिला. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली उभे राहिले, त्यालाही त्यांचे आर्थिक साहाय्य होते.

ध्वनिमुद्रणे व चित्रमुद्रणे

‘अंतू बर्वा’, ‘म्हैस’, ‘रावसाहेब’ यांसारख्या कथांचे देशपांडे यांनी केलेले कथाकथन ध्वनिमुद्रित व चित्रमुद्रित झाले. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने काढलेल्या ध्वनिफितींमुळे ते घरोघरी पोहोचले आणि चित्रमुद्रणे दूरचित्रवाणीवरून दाखविली गेली. नाट्यगृहात त्यांना कधीही न पाहिलेल्या पुढील पिढ्यांची त्यांच्याशी ओळख मुख्यतः या मुद्रणांतूनच झाली.

‘अंतू बर्वा’ हा लेख वाचणे आणि देशपांडे यांच्या तोंडून ऐकणे यांत फरक आहे. रत्नागिरीच्या बोलीतील अनुनासिक उच्चार, वाक्याच्या शेवटी खाली येणारा सूर आणि शेरा मारल्यानंतरची स्तब्धता छापील मजकुरात पूर्णपणे उतरत नाही. सादरीकरणात अंतूचे बोलणे क्वचितच चढ्या आवाजात जाते. त्यामुळे श्रोते हसत असतानाच त्याच्या आयुष्यातील अभावाची जाणीव होत राहते. ‘म्हैस’मध्ये याउलट अनेक आवाजांचा गलबला आहे. कोकणातील रस्त्यावर एस. टी.खाली म्हैस सापडते आणि प्रवासी, गावकरी, पोलीस असे सारे जण आपापल्या भाषेत त्या प्रसंगात उतरतात.

सार्वजनिक भूमिका

देशपांडे १९७४ साली इचलकरंजी येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. १९७७ च्या निवडणुकीत आणीबाणीच्या विरोधात त्यांनी जनता पक्षासाठी प्रचारसभा घेतल्या. हसविणारा लेखक म्हणून त्यांना ऐकायला आलेल्या लोकांसमोर त्यांनी विचारस्वातंत्र्याचा मुद्दा मांडला. निवडणुकीनंतर मात्र सत्तेतील कोणतेही पद स्वीकारले नाही. १९९६ साली महाराष्ट्र भूषण पुरस्कार स्वीकारताना त्यांनी सत्ताधाऱ्यांच्या भाषेविषयी नापसंती व्यक्त केली. त्यावरून वाद झाला आणि शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी त्यांच्यावर टीका केली.

मूल्यमापन आणि वारसा

देशपांडे यांचे विनोदविश्व प्रामुख्याने शहरी व पांढरपेशा मध्यमवर्गापुरते सीमित आहे आणि त्यात स्मरणरंजनाचा भाग मोठा आहे, असा आक्षेप समीक्षेत घेतला जातो. वाचक म्हणून मात्र त्यांची दृष्टी या वर्तुळाबाहेर जात होती. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाचे त्यांनी मनापासून स्वागत केले. त्यांच्या विनोदात व्यक्तीला हिणविण्याचा भाव कमी आणि तिच्याविषयीची आपुलकी अधिक असल्याचे अभ्यासक नोंदवितात. अंतू हे त्याचे ठळक उदाहरण ठरते.

त्यांना पद्मश्री (१९६६) आणि पद्मभूषण (१९९०) हे सन्मान मिळाले. १२ जून २००० रोजी, विवाहाच्या चौपन्नाव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांचे निधन झाले. मुंबईतील प्रभादेवी येथील राज्य शासनाच्या कला अकादमीला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या व्यक्तिचित्रांवर आधारित ‘नमुने’ ही हिंदी मालिका २०१८ साली सोनी सब वाहिनीवर प्रसारित झाली. महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘भाई: व्यक्ती की वल्ली’ हा दोन भागांतील चरित्रपट २०१९ साली, त्यांची जन्मशताब्दी पूर्ण झाली त्याच वर्षी, प्रदर्शित झाला.