सर, कोटणीस तिथं काय खायचे?



मी सात रस्त्याला राहतो. तिथून भैय्या चौक रिक्षाने थोड्याच वेळात येतो, आणि त्या भागात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. आपण मुलांना काय लिहून देतो? जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. चीनमध्ये रुग्णसेवा. मृत्यू ९ डिसेंबर १९४२. मुलं पाठ करतात आणि विसरतात.

यंदा चौथीतल्या एकाने विचारलं, "सर, ते तिथं काय खायचे? बोलायचे कसे?" मला उत्तर येईना. म्हणून घरी येऊन नीट वाचलं. जे समजलं ते तुमच्यासाठी मांडतो.

जपानने चीनवर आक्रमण केलं होतं. मदत म्हणून १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. मुंबईहून बोटीने निघाले. नकाशावर मुलांना बोट फिरवायला सांगा: ग्वांगझू (तेव्हाचं कँटन), वुहान, यीचांग, चोंगचिंग आणि शेवटी उत्तरेला येनान. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्वांगझू आणि वुहान ही दोन्ही शहरं जपानच्या ताब्यात गेली. म्हणजे पथक पुढे सरकत होतं आणि मागची शहरं पडत होती. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली. तरी ते परतले नाहीत.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचलं. तिथली घरं म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा. हिवाळ्यात पाणी गोठेल अशी थंडी. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाचं काय झालं असेल, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. आणि त्या भागातलं रोजचं धान्य कोणतं? राळे! भोगीला आपल्याकडे राळ्याचा भात करतात ना, तेच. हे सांगितल्यावर माझ्या वर्गात एकदम गलका झाला, "सर, आमची आजी करते!"

आता बोलण्याचं. कोटणीस चिनी शिकले. नुसतं रुग्णाला "कुठं दुखतंय" विचारण्यापुरतं नाही; लिहायला-वाचायला शिकले आणि त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवूही लागले. १९४१ मध्ये डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते संचालक झाले. त्याच वर्षी तिथल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं.

चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. प्रत्येक चिन्हाला उच्चार असतो आणि अर्थही. त्यामुळे परक्या माणसाचं नाव नव्याने बांधावं लागतं. कोटणीसांचं झालं 'ख तिह्वा'. शेवटच्या 'ह्वा'चा अर्थ चीन. पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी हे अक्षर घेतलं. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव 'यिन्ह्वा'. 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. बाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचं असताना कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वय फक्त ३२.

हे सगळं वाचताना मला माझीच एक चूक आठवली. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या वर्गात एक मुलगी आली. घरी तेलुगू. दोन महिने गप्प. मी तिच्या पालकांना सांगून मोकळा झालो की हिचं अभ्यासात लक्ष नाही. तिला मराठी कळत नव्हती, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या भाषेतला एक शब्दही मी शिकलो नव्हतो. इकडे कोटणीस परक्या देशात, युद्धात, चिनी चिन्हं गिरवत होते!

म्हणून हा उपक्रम करून बघा. फळ्यावर 'पाणी' लिहा. ज्याच्या घरी जी भाषा, त्याने तो शब्द सांगायचा. आमच्या फळ्यावर तेलुगू 'नीळ्ळु', कन्नड 'नीरु', उर्दू 'पानी' आलं. शेवटी मी चिनी 'श्वे' लिहिला. मग 'भूक', 'दुखतंय', 'आई' घ्या. खर्च शून्य, वेळ एक तासिका.

पालकांनो, तुम्ही रविवारी मुलांना स्मारकात घेऊन जा. वाटेत राळ्याच्या भाताची गोष्ट सांगा. आणि शिक्षक मित्रांनो, उद्या वर्गात गेल्यावर सगळ्यात गप्प बसणारं मूल घरी कोणती भाषा बोलतं, एवढं नक्की विचारा.